साप निघाला, हाक कोणाला?



आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांनी आता भूगाव, बावधन, पिरंगुट, हिंजवडी भागात घरे घेतली आहेत. हा सगळा मुळशीचा पट्टा. एका बाजूला आयटी कंपन्या, दुसऱ्या बाजूला थेट ताम्हिणीपर्यंत डोंगर. त्यामुळे उन्हाळ्यात वानरे गच्चीवरचे पापड नेतात आणि पावसाळ्यात पार्किंगमध्ये धामण निघते. मग मंडळात एकच प्रश्न येतो, "मारायचं तर नाहीच, पण बोलवायचं कोणाला?"

हा प्रश्न आपल्या आधीच्या पिढ्यांनाही पडला होता. त्यांनी काय केले ते पाहिले की आज आपण काय करावे हेही कळते.

1832 साली मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला. कुत्र्यामागे इनाम होते, म्हणून कुत्री पकडणारे घराच्या दारापर्यंत येऊ लागले. पारशी समाज रस्त्यावर उतरला, हिंदू आणि जैनही सामील झाले, दंगल झाली. पण आपल्या लोकांनी नुसता विरोध करून सोडले नाही. दोनच वर्षांत, 1834 मध्ये, मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. जमशेटजी जीजीभाईंसारखे पारशी आणि मोतीशा शेठ यांच्यासारखे जैन व्यापारी त्यात पुढे होते. मारायचे नसेल तर जागा, चारा आणि खर्च कोण देणार, याचे उत्तर त्यांनी स्वतःच्या पैशातून दिले.

पांजरापोळ मात्र गाय, कुत्रा, कबुतर यांच्यासाठी. सापासाठी काय? तिथे सरकारचा इनामाचाच हिशेब होता. रत्नागिरी जिल्ह्यात 1862 च्या डिसेंबरमध्ये फुरशामागे दोन आणे जाहीर झाले आणि आठवडाभरात लाखाच्या वर फुरशी मारून आणली गेली. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, आकडा दिसला की ताळेबंद मांडते. एवढा पैसा आणि एवढे जीव गेले, आणि फुरसे काही कोकणातून संपले नाही. आजही तिथे आहे.

गावात साप निघाला की गारुडी बोलावत. तो साप मारत नसे, म्हणून आपल्या घरांना ते बरे वाटे. पण पुढे तोच साप दात काढून टोपलीत जायचा आणि बहुधा उपासमारीने मरायचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे खेळ बंद होत गेले.

पुण्यात खरा बदल घडवला सर्पमित्रांनी. नीलिमकुमार खैरे यांनी 1980 मध्ये 72 विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत 72 तास काढले. साप विनाकारण चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचे होते. 1986 मध्ये कात्रजला सर्पोद्यान सुरू झाले आणि "साप दिसला, काठी आण" याऐवजी "साप दिसला, फोन लाव" ही सवय शहराला लागली.

पण पकडून लांब सोडले की जीवदया झाली का? जुन्नरचा अनुभव वाचण्यासारखा आहे. 2001 पासून तिथल्या उसातले बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. आधी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत, ते नंतरच्या काळात सतरावर गेले. अनोळखी मुलुखात सोडलेले जनावर बिथरते. हेतू चांगला होता, पण त्याची किंमत माणसांनीही मोजली आणि बिबट्यांनीही.

आता आपल्या दारातली गोष्ट. डिसेंबर 2020 मध्ये कोथरूडच्या एका सोसायटीत रानगवा आला. बघ्यांची गर्दी, मोबाइल, आरडाओरडा. तो तासन् तास पळत राहिला. शेवटी बेशुद्ध करून पकडला, पण जगला नाही. त्याला मारायची इच्छा कोणाचीच नव्हती. पुढे दोन आठवड्यांच्या आत बावधनला दुसरा गवा दिसला. या वेळी वनविभागाने आणि पोलिसांनी लोकांना लांब ठेवले, त्याला वाट मोकळी दिली, आणि तो आपल्या पायांनी रानात परत गेला. गवा तसाच, माणसे पुण्याचीच. फरक फक्त आपल्या वागण्याचा.

म्हणून मैत्रिणींनो, फोनमध्ये 1926 हा वनविभागाचा क्रमांक लिहून ठेवा. बावधनलाच वनविभाग आणि रेस्क्यू संस्थेचे वन्यप्राण्यांचे उपचार केंद्र आहे, जखमी प्राण्याला तिथे मदत मिळते. वनविभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राचा नंबर सोसायटीच्या ऑफिसात लावून घ्या. हौशी मुलाला साप पकडू देऊ नका, तो कायद्यानेही गुन्हा आहे. साप दिसला तर मुलांना आत घ्या, लांबून नजर ठेवा, आणि तो कुंपणाबाहेर जात असेल तर जाऊ द्या. दंश झालाच तर मांत्रिक नको, आवळून बांधणे नको, सरळ प्रतिविष मिळेल असे हॉस्पिटल गाठा.

आणि फोन करायची वेळच कमी यावी, यासाठी आपली जयणा आहेच. ओला कचरा झाकलेला, धान्याचे डबे घट्ट, जिन्याखाली अडगळ नाही. उंदीर नाहीत तर धामण कशाला येईल? वानरांना पुण्य म्हणून केळी देणेही थांबवा. आज हातातून घेतात, उद्या स्वयंपाकघरात येतात, मग पिंजरा लागतो.

चंडकौशिकाची कथा आपण पर्युषणात दर वर्षी ऐकतो. भगवान महावीरांच्या बोधाने तो नाग शांत झाला, हे सगळ्यांना आठवते. पुढचे आपण विसरतो. लोकांनी भक्तीने त्याच्यावर दूध-तूप ओतले, त्याला मुंग्या लागल्या, आणि त्या वेदना त्याने निमूट सोसल्या. भक्ती खरी होती, पण नागाला काय सोसावे लागेल याचा विचार कोणी केला नव्हता. अभयदान देताना तेवढा विचार आपण करू या.

जय जिनेंद्र.