स्पर्धात्मक पिस्तुलाचा ट्रिगर व साइट

स्पर्धात्मक पिस्तुलाचा ट्रिगर व साइट हे नेमबाजीच्या पिस्तुलातील दोन महत्त्वाचे भाग आहेत. साइटच्या साहाय्याने नेम धरला जातो आणि ट्रिगर ओढल्यावर गोळी सुटते. मराठीत ट्रिगरला ‘चाप’ असे म्हणतात. बोलीत ‘घोडा’ हा शब्दही रूढ आहे. नळीच्या पुढच्या टोकावरील साइटला ‘फोरसाइट’ आणि नेमबाजाच्या डोळ्याजवळील खाचेच्या साइटला ‘बॅकसाइट’ म्हणतात. हे शब्द राष्ट्रीय छात्रसेना, पोलीस व सैन्यदलाच्या प्रशिक्षणामुळे सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत सर्वपरिचित आहेत.

खेळाडूच्या हाताला व डोळ्याला अनुरूप अशी या दोन भागांची जुळवणी करणे हा नेमबाजीच्या तयारीचा नेहमीचा भाग आहे. मात्र ही जुळवणी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या (आयएसएसएफ) नियमांच्या आणि भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या मर्यादेतच करता येते.

ट्रिगर

ट्रिगर ओढताना बोटाला जो दाब द्यावा लागतो, त्याला ट्रिगरचे वजन म्हणतात व ते ग्रॅममध्ये मोजले जाते. स्पर्धेच्या पिस्तुलात हा दाब बहुधा दोन टप्प्यांत विभागलेला असतो. पहिल्या टप्प्यात ट्रिगर हलक्या दाबाने थोडा मागे सरकतो. दुसऱ्या टप्प्यात तो स्पष्टपणे अडतो आणि त्यापुढे किंचित दाब वाढवताच गोळी सुटते. दोन टप्प्यांमुळे सुटण्याचा क्षण जवळ आल्याचे खेळाडूला बोटातून समजते.

ट्रिगर हलका असणे एवढेच पुरेसे नसते. २५ मीटर प्रकारातील पिस्तुलाचे स्वतःचे वजन १४०० ग्रॅमपर्यंत असू शकते, तर ट्रिगरवर किमान १००० ग्रॅमचा दाब द्यावा लागतो. हा दाब नळीच्या रेषेत सरळ मागे न जाता किंचित बाजूला गेला, तरी हातात धरलेले पिस्तूल वळते. म्हणून दाब एकसारखा असणे, सुटल्यानंतर ट्रिगर फार मागे न जाणे आणि बोटाच्या पेराला ट्रिगर योग्य अंतरावर असणे, या गोष्टींना अधिक महत्त्व दिले जाते. बहुतेक स्पर्धात्मक पिस्तुलांत ट्रिगरचे स्थान व दाब बदलण्यासाठी उत्पादकानेच स्क्रूची सोय केलेली असते.

काही पिस्तुलांत यांत्रिक रचनेऐवजी इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असतो. यात बोटाच्या दाबाने विद्युत मंडल पूर्ण होते व विद्युतचुंबकाद्वारे गोळी सुटते. दाब अतिशय एकसारखा राहणे हा याचा लाभ आहे. परंतु बॅटरी व मंडल यांवर अवलंबून राहावे लागते. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी १० मीटर एअर पिस्तूल प्रकाराच्या पात्रता फेरीत मनू भाकर यांच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत वेळ गेल्यानंतर उरलेल्या फैरी त्यांना घाईने पूर्ण कराव्या लागल्या. ५७५ गुणांसह त्या १२ व्या आल्या आणि आठ जणांच्या अंतिम फेरीला दोन गुणांनी मुकल्या. पॅरिस येथे २०२४ मध्ये त्यांनी याच प्रकारात कांस्यपदक जिंकले.

साइट

नेम धरताना फोरसाइटची टीप बॅकसाइटच्या खाचेत मधोमध असावी लागते. टिपेचा माथा खाचेच्या कडांशी समपातळीत असावा आणि दोन्ही बाजूंना सारखा प्रकाश दिसावा. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होऊ शकतो. म्हणून फोरसाइट स्पष्ट व लक्ष्य काहीसे अंधूक दिसणे योग्य मानले जाते. पुष्कळ खेळाडू काळ्या वर्तुळाच्या मध्यावर नेम न धरता त्याच्या खाली पांढऱ्या भागात नेम धरतात व गोळी मध्यभागी लागेल अशा रीतीने साइट जुळवतात.

दोन साइटमधील अंतराला साइट-अंतर म्हणतात. २५ मीटर पिस्तुलासाठी ते जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असू शकते. साइटच्या जुळणीत १ मिलिमीटरची चूक झाल्यास २५ मीटरवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर दूर लागते. अचूकता टप्प्याच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो. त्यामुळे एवढ्या चुकीने गोळी सहा गुणांच्या वर्तुळात जाते. याउलट जुळणी बरोबर ठेवून संपूर्ण हात १ मिलिमीटर सरकला, तर गोळीही जवळपास तेवढीच सरकते. म्हणूनच हाताच्या किंचित थरथरीपेक्षा साइटच्या जुळणीकडे प्रशिक्षक अधिक लक्ष देतात.

बॅकसाइट ज्या दिशेला सरकवावी, त्याच दिशेला गोळीचा मारा सरकतो. फोरसाइटच्या बाबतीत हे उलट घडते. स्पर्धात्मक पिस्तुलात बॅकसाइट वर-खाली व डावी-उजवीकडे सरकवता येते, तसेच खाचेची रुंदी बदलता येते. टिपेची रुंदी हाताची लांबी व दृष्टी पाहून निवडतात.

स्पर्धेचे नियम

१० मीटर एअर पिस्तूल: व्यास ४.५ मिलिमीटर, वजन कमाल १५०० ग्रॅम, ट्रिगर किमान ५०० ग्रॅम.

२५ मीटर पिस्तूल: व्यास ५.६ मिलिमीटर (०.२२ इंची काडतूस); वजन कमाल १४०० ग्रॅम; ट्रिगर किमान १००० ग्रॅम; नळी कमाल १५३ मिलिमीटर.

या दोन्ही प्रकारांत केवळ उघड्या साइटना परवानगी आहे; दुर्बीण, भिंग वा लाल ठिपक्याची साइट पिस्तुलावर बसवता येत नाही. दृष्टिदोषासाठीची काच खेळाडूला स्वतःच्या चष्म्यात वापरता येते. ट्रिगरची तपासणी करताना नळी उभी धरून ठरावीक वजन ट्रिगरवर टांगतात व ते उचलतात. वजन उचलले जाण्यापूर्वीच ट्रिगर सुटला, तर पिस्तूल नियमबाह्य ठरते. स्पर्धेनंतरही अशी तपासणी होऊ शकत असल्याने, ट्रिगर किमान मर्यादेपेक्षा किंचित जड ठेवण्याची पद्धत आहे.

दक्षिण महाराष्ट्रातील नेमबाजी

कोल्हापूरच्या राही सरनोबत या २५ मीटर पिस्तूल प्रकारातील भारताच्या प्रमुख खेळाडूंपैकी एक आहेत. त्यांची शस्त्राशी पहिली ओळख शालेय वयात राष्ट्रीय छात्रसेनेतून झाली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी महाराष्ट्राच्याच अनिसा सय्यद यांच्यासह दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. २०१४ मध्ये ग्लासगो येथे सरनोबत यांना सुवर्ण व सय्यद यांना रौप्यपदक मिळाले. २०१३ मध्ये चांगवॉन येथील विश्वचषकात सरनोबत यांनी सुवर्णपदक जिंकले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेतील अंतिम लढत ३४–३४ अशी बरोबरीत सुटल्याने शूट-ऑफ घ्यावे लागले व त्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. या प्रकाराच्या जलद टप्प्यात हात खाली ठेवून थांबावे लागते आणि लक्ष्य दिसताच तीन सेकंदांत हात उचलून, साइट जुळवून गोळी सोडावी लागते. एवढ्या वेळात ट्रिगरच्या दाबाचा विचार करण्यास सवड नसते; तो सरावाने बोटात मुरलेला असावा लागतो.

कोल्हापूर जिल्ह्यातीलच तेजस्विनी सावंत व स्वप्नील कुसाळे हे रायफल प्रकारातील खेळाडू आहेत. कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक जिंकले होते. त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. सातारा व सांगली हे जिल्हे पुण्याजवळील म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आणि कोल्हापूर या नेमबाजीच्या दोन केंद्रांच्या दरम्यान येतात.

कायदेशीर बाजू

शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई शस्त्रास परवाना लागत नाही. त्यामुळे १० मीटर प्रकारापासून सुरुवात करणे नवोदितांना सोपे जाते. ०.२२ इंची पिस्तुलास मात्र परवाना आवश्यक असतो. सातारा व सांगली येथे पोलीस आयुक्तालय नसल्याने हा परवाना पोलिसांच्या अहवालानंतर जिल्हादंडाधिकारी देतात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार सर्वसाधारण परवानाधारकास जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे बाळगता येतात. क्रीडा नेमबाजांसाठी स्वतंत्र तरतूद आहे.

अधिनियमाच्या कलम ५ अन्वये अग्निशस्त्रांची निर्मिती, विक्री, रूपांतर व दुरुस्ती यांसाठी परवाना लागतो. कलम ६ अन्वये परवान्याशिवाय नळी आखूड करणे किंवा नकली शस्त्राचे खऱ्या शस्त्रात रूपांतर करणे प्रतिबंधित आहे. या कलमांच्या उल्लंघनास २०१९ पासून किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. उत्पादकाने दिलेल्या स्क्रूने साइट सरकवणे ही साधी जुळवणी होय. परंतु ट्रिगरचे अंतर्गत भाग बदलण्याचे काम परवानाधारक शस्त्र-दुरुस्तकाकडूनच करून घ्यावे लागते.

सुरक्षितता

मर्यादेपेक्षा हलका केलेला ट्रिगर धक्क्याने वा पिस्तूल पडल्याने सुटू शकतो. स्वसंरक्षणासाठी बाळगलेल्या शस्त्रात तर हा धोका अधिक असतो, कारण ते शस्त्र रेंजबाहेर, माणसांमध्ये वावरते. त्यामुळे स्पर्धेच्या पिस्तुलाचे निकष अशा शस्त्रांना लावले जात नाहीत. रेंजवर नळी नेहमी लक्ष्याच्या दिशेला ठेवणे, साइट जुळेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर ठेवणे आणि जुळवणीपूर्वी शस्त्र रिकामे असल्याची खात्री करणे हे नियम सर्व प्रकारांना लागू आहेत.

हेही पहा

नेमबाजी · राही सरनोबत · अनिसा सय्यद · स्वप्नील कुसाळे · खाशाबा जाधव · राष्ट्रीय छात्रसेना