नामपल्लीचा धूर आणि प्रवाशाची निवड

हैदराबादच्या नामपल्ली भागात कोणते वाहन किती धूर सोडते हे प्रवाशाला आधी डोळ्यांनी आणि नाकाने कळत असे. पुढे ते प्रमाणपत्रावर छापले जाऊ लागले, नंतर हवेच्या रंगीत निर्देशांकात आले आणि आता मोबाइलच्या पडद्यावर ग्रॅममध्ये दिसते. माहिती अशी अधिकाधिक नेमकी होत गेली. तिच्यामुळे घरातून निघताना वाहन बदलणारे लोक मात्र थोडेच निघाले. जिथे धुराचा आकडा भाड्याशी, वेळेशी किंवा खिशाशी जोडला गेला, तिथेच तो उपयोगी पडलेला दिसतो.

वाडीहून सिकंदराबादला येणारी निजामाची रेल्वे 1874 साली सुरू झाली आणि नामपल्लीचे स्थानक 1907 मध्ये बांधले गेले. परगावच्या प्रवाशांसाठी शेजारची सराई 1919 ची. इंजिनांना लागणारा कोळसा संस्थानातच, सिंगरेणीच्या खाणींतून निघत असे. त्या काळी धूर हे प्रगतीचेच लक्षण मानले जाई. मुंबईत 1912 साली धूर-उपद्रवाचा कायदा झाला, पण त्याचा रोख गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या भट्ट्यांवर होता. धुराचा काळेपणा मोजण्याचे तेव्हाचे जगभर रूढ साधन म्हणजे रिंगेलमान तक्ता. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटांचा हा कागद समोर धरायचा आणि चिमणीचा धूर कोणत्या छटेशी जुळतो ते बघायचे. प्रवाशाला अशा तक्त्याची गरज नव्हती. मराठवाड्यातून उच्च न्यायालयाच्या किंवा उस्मानिया विद्यापीठाच्या कामासाठी हैदराबादला येणाऱ्यापुढे आगगाडी किंवा दिवसचे दिवस चालणारी बैलगाडी एवढाच पर्याय होता. धुरामुळे त्याने गाडी बदलली नाही, बदलली ती जागा. कोळशाचे कण डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून जाणते प्रवासी इंजिनाकडे पाठ करून बसत आणि पांढरे धोतर प्रवासानंतरसाठी राखून ठेवत.

संस्थानाने रेल्वे कंपनीचा कारभार 1930 मध्ये आपल्याकडे घेतला आणि 1932 मध्ये त्याच रेल्वे खात्याने 27 बसगाड्या व 166 कर्मचारी घेऊन रस्ता-वाहतूक सुरू केली. आगगाडी आणि मोटार एकाच मालकाची असणे ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती. दोघींनी एकमेकींचे प्रवासी पळवण्यापेक्षा एकमेकींना पुरवावेत, हा त्यातला हिशेब. 1942 मध्ये स्थापन झालेल्या ऑल्विन कारखान्यात पुढे या बसगाड्यांचे सांगाडे बांधले जाऊ लागले. राज्य पुनर्रचनेनंतर 11 जानेवारी 1958 रोजी आंध्र प्रदेशचे परिवहन महामंडळ अस्तित्वात आले आणि मराठवाड्यातली एसटी यथावकाश महाराष्ट्राच्या महामंडळात गेली. या साऱ्या काळात बसच्या धुराबद्दल कुणी काही छापले नाही. बस वेळेवर येते का आणि बसायला जागा मिळते का, एवढ्यावर लोक ठरवत. आजही बव्हंशी त्यावरच ठरवतात.

धूर खऱ्या अर्थाने डोळ्यांत खुपू लागला तो दोन-स्ट्रोक इंजिनांच्या रिक्षा आणि स्कूटर वाढल्या तेव्हा. या इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच जळते आणि त्यातले बरेचसे अर्धवट जळून निळसर धुराच्या रूपाने बाहेर पडते. 1988 चा मोटार वाहन कायदा आणि त्याखालचे 1989 चे केंद्रीय नियम यांनी धुराला पहिल्यांदा अंक दिला. नियम 115 प्रमाणे गाडीजवळ प्रदूषण नियंत्रणात असल्याचा दाखला हवा. यालाच सगळे पीयूसी म्हणतात. पेट्रोलपंपाच्या कडेला उभ्या व्हॅनमधला मुलगा सायलेन्सरच्या नळीत शोधनळी खुपसतो, थोडा वेळ इंजिन चालू ठेवायला सांगतो, नंबरप्लेटचा फोटो काढतो आणि कागद हातात देतो. त्यावर कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी असते. जुन्या दुचाकीला 4.5 टक्क्यांपर्यंत मुभा होती, 31 मार्च 2000 नंतर बनलेल्या दुचाकीला 3.5 टक्के. डिझेल गाडीची परीक्षा धुराच्या दाटपणावर होते. गाडीवाला कागदावरचा आकडा सहसा वाचत नाही, तो मुदतीची तारीख वाचतो. हा कागद पोलिसाला दाखवण्यासाठी असतो आणि रिक्षात बसणाऱ्या प्रवाशाच्या नजरेला तर तो कधीच पडत नाही. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीशिवाय विमा नूतनीकरण करू नये असे सांगितले. त्यानंतरही कागदाचे महत्त्व वाढले ते विम्यापोटी.

याच काळात सरकारने दुसरी वाट धरली आणि माहिती देण्याऐवजी इंधनच बदलले. शिसेविरहित पेट्रोल 1995 मध्ये चार महानगरांत आले आणि फेब्रुवारी 2000 पासून देशभर लागू झाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2002 साली वाहन-इंधन धोरणाचा अहवाल दिला. त्यात कडक मानके आधी लागू करायच्या 11 शहरांमध्ये मुंबई-पुण्याबरोबर हैदराबादही होते. या शहरांत 2005 मध्ये भारत स्टेज-3 आणि 2010 मध्ये स्टेज-4 आले, तर 1 एप्रिल 2020 पासून देशभर थेट स्टेज-6 लागू झाले. नामपल्लीच्या रस्त्यावरच्या नव्या गाड्यांचा धूर कमी झाला तो मुख्यतः यामुळे, आणि त्यासाठी गाडीवाल्याला काही निवडावे लागले नाही. हवेच्या हितासाठी झालेल्या कामांपैकी हे सर्वांत परिणामकारक म्हणावे लागेल, पण सामान्य माणसाच्या निवडीच्या इतिहासात त्याला जागा नाही.

एक आकडा मात्र लोक मनापासून विचारतात: गाडी एव्हरेज किती देते? जाहिरातींतला हा आकडा बहुधा पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने प्रमाणित केलेला असतो. ही संस्था 1966 ची. विचारणाऱ्याच्या ध्यानीमनी नसले तरी हीच खरी उत्सर्जनाची माहिती आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, डिझेलच्या लिटरमागे सुमारे 2.7 किलो. म्हणजे लिटरला 50 किलोमीटर जाणारी मोटारसायकल किलोमीटरमागे 46 ग्रॅम सोडते आणि लिटरला 15 जाणारी कार 150 च्या वर. ग्रॅमने कुणाचे मन वळत नाही, लिटरने वळते. पीयूसीच्या यंत्राला मात्र या वायूशी देणेघेणे नसते, त्यामुळे दाखला स्वच्छ असणारी गाडीही कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात सर्वांत वाईट असू शकते.

युरोपचा अनुभवही याला पुष्टी देतो. युरोपीय संघाने 1999 च्या निर्देशाने नव्या कारवर कार्बनचा आकडा दाखवणे सक्तीचे केले. ब्रिटनने 2001 पासून गाडीचा वार्षिक कर याच आकड्याशी बांधला. ग्राहक आकडा बघू लागले आणि कर वाचवायला डिझेलकडे वळले, कारण डिझेलचा कार्बन आकडा कमी दिसे. नायट्रोजन ऑक्साइड आणि काजळी त्या चिठ्ठीवर नव्हती. सप्टेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगनची चाचणीतली लबाडी उघड झाली, तोवर शहरांच्या हवेचे नुकसान होऊन गेले होते. माहितीने लोकांना हलवले खरे, पण अर्धीच माहिती दिली तर ती भलतीकडेही हलवते.

भारतात राष्ट्रीय वायू गुणवत्ता निर्देशांक एप्रिल 2015 मध्ये सुरू झाला. पहिल्या दहा शहरांत हैदराबादचा समावेश होता. हिरव्यापासून गडद लालपर्यंतचे सहा रंग कुणालाही कळतात, ही त्याची मोठी सोय. पण निर्देशांक हवेबद्दल बोलतो, वाहनाबद्दल नाही. हवा वाईट आहे असे कळल्यावर बसऐवजी काचा बंद केलेली कार काढणारा माणूस आपल्यापुरता शहाणपणाच करतो, आणि हवा आणखी बिघडवतो.

नामपल्लीत या सगळ्याच्या बरोबरीने वाहनांचे पर्यायही वाढत होते. ऑगस्ट 2003 मध्ये विजेवर चालणारी एमएमटीएस लोकल सुरू झाली, तिचे एक टोक नामपल्लीचे. 24 सप्टेंबर 2018 रोजी मेट्रोचा अमीरपेट–एलबी नगर टप्पा सुरू झाला आणि त्यावर नामपल्ली व गांधी भवन ही स्थानके आली. 1938 साली सुरू झालेले नुमाइश हे प्रदर्शन दर जानेवारी-फेब्रुवारीत इथल्याच मैदानावर भरते. त्या दिवसांत गाडी लावायला जागा मिळणे मुश्कील, म्हणून एरवी मेट्रोकडे न फिरकणारी कुटुंबेही मेट्रोने येतात. यात धुराचा विचार कुठे नसतो, तरीही धूर वाचतो.

विजेच्या बस मार्च 2019 मध्ये विमानतळाच्या मार्गांवर आल्या. हुसेनसागराभोवती 11 फेब्रुवारी 2023 रोजी विजेच्या मोटारींची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. तिचा गाजावाजा मोठा झाला, पण शर्यत पाहून किती जणांनी स्कूटर विकली हे विचारण्यात अर्थ नाही. तेलंगणातली खरी उलथापालथ 9 डिसेंबर 2023 ला महालक्ष्मी योजनेने केली. त्या दिवसापासून शहरातल्या साध्या आणि मेट्रो एक्स्प्रेस बसमध्ये महिलांना मोफत प्रवास मिळू लागला. वाहक ओळखपत्र पाहून शून्य रुपयांचे तिकीट फाडून देतो. बसगाड्या महिलांनी भरून वाहू लागल्या. हवेबद्दलचा कोणताही फलक जे करू शकला नव्हता ते या शून्याने केले.

ग्रॅमचा आकडा प्रवाशाच्या हातात थेट देण्याचे प्रयत्नही सुरू झाले आहेत. फ्रान्समध्ये 2013 पासून वाहतूक कंपन्यांना प्रत्येक प्रवासाचे कार्बन उत्सर्जन ग्राहकाला कळवावे लागते. दिल्ली मेट्रोने 2023 च्या पर्यावरण दिनापासून क्यूआर तिकिटावर, रस्त्याने न गेल्यामुळे वाचलेला कार्बन दाखवायला सुरुवात केली. हिशेब किलोमीटरमागे सुमारे 32 ग्रॅमचा. गूगलच्या नकाशाने त्याच वर्षाच्या अखेरीस भारतासाठी इंधन वाचवणारा रस्ता सुचवण्याची सोय जाहीर केली, तीही दुचाकीसकट. भारतीय रेल्वेच्या तिकिटावर बरीच वर्षे एक वेगळाच आकडा छापला जात होता: प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी 57 टक्केच तिकिटातून वसूल होतात. नामपल्लीहून मुंबईला निघालेल्या हुसेनसागर एक्स्प्रेसच्या प्रवाशाला सरकारी तिजोरीवर आपला किती भार पडतो हे त्यावरून कळत असे. तोच प्रवास मोटारीने किंवा विमानाने केला असता तर हवेवर किती भार पडला असता, याची ओळ त्या तिकिटावर नव्हती.