ऑटर विमान : प्रमुख अपघात आणि त्यांची कारणे

कॅनडाच्या डी हॅविलँड कंपनीचे ‘ऑटर’ हे एक इंजिनाचे हलके विमान १९५१ साली प्रथम उडाले. भारतीय वायुदलानेही ते वापरले.

अलास्कात केचिकनजवळ २५ जून २०१५ रोजी हे विमान डोंगरावर आदळून नऊ जण ठार झाले. कमी दृश्यमानतेतही उड्डाण चालू ठेवणे हे कारण ठरले. त्याच परिसरात १३ मे २०१९ रोजी ‘बीव्हर’ विमानाशी झालेल्या टकरीत सहा जण मृत्युमुखी पडले; वैमानिकांना समोरचे विमान वेळेत दिसले नव्हते.

वॉशिंग्टन राज्यात ४ सप्टेंबर २०२२ रोजी विमान समुद्रात कोसळून दहा बळी गेले. शेपटीच्या नियंत्रण यंत्रणेतील ‘लॉक रिंग’ ही छोटी कडी नसल्याने जोड सुटला, असे तपासात आढळले. त्यानंतर अमेरिकेत या कडीची तपासणी बंधनकारक करण्यात आली.