एक कोयता म्हणजे किती माणसं?

आमच्या गल्लीतली एक पोरगी यंदा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. समाजशास्त्राचं पुस्तक घेऊन आली अन् म्हणाली, "काका, ह्यात सगळे फ्रान्स-जर्मनीचेच. चकलांब्याचं काय ह्यात?" तेव्हा मी थातूरमातूर सांगून वाट लावली. नीट उत्तर आता देतो.

एमिल दुर्खीम या फ्रेंच अभ्यासकानं १८९३ साली श्रमविभागणीवर ग्रंथ लिहिला. जुन्या समाजाला सारखेपणा बांधून ठेवतो, नव्या समाजाला कामाची वाटणी. एकाचं दुसऱ्यावाचून अडतं म्हणून माणसं धरून राहतात, असं त्याचं म्हणणं. हे वाचलं की आपल्याला लगेच बारा बलुतेदार आठवतात. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट. वर्षभर काम करायचं आणि सुगीला खळ्यावर धान्य न्यायचं. म्हातारी माणसं अजून गहिवरून सांगतात, "तेव्हा गाव एक होतं."

खरंच होतं का? १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' आलं. त्यांनी लिहिलं ते इंग्रजी मुलखातल्या गावांबद्दल, आपण तेव्हा निजामाकडे. पण बलुतं इथंही होतंच. आत्र्यांनी गावाचे गोडवे गायले नाहीत. कुणब्याच्या खळ्यावर कोण कोण हात पसरतं, याचा हिशेब मांडला. माझ्या मते त्यात एक बाजू दिसते. खळ्याच्या बाहेर उभं राहून वाट बघणाऱ्याला काय वाटत असेल, ते दिसत नाही.

ते दाखवलं बाबासाहेबांनी. ९ मे १९१६ ला, पंचविसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातीवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यामुळे, हा त्याचा गाभा. पुढं १९३६ ला 'जातिनिर्मूलना'त त्यांनी ठणकावलं, की ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. दुर्खीमनंही लादलेल्या श्रमविभागणीवर स्वतंत्र प्रकरण लिहिलंय, पण ते परीक्षेला कमी विचारतात.

बलुतं गेलं. मग आज आपल्याकडं कामाची वाटणी कशी होते? दसरा-दिवाळीला बघा. मुकादमाकडून उचल घ्यायची, बिऱ्हाड गाडीत टाकायचं आणि कारखान्याच्या फडात उतरायचं. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा असला तर अर्धा.

कार्ल मार्क्स म्हणतो, भांडवलशाहीतला मजूर दोन अर्थांनी मोकळा असतो: आपली मेहनत कुणालाही विकायला मोकळा, आणि हातात दुसरं काहीच नाही म्हणूनही मोकळा. आपला ऊसतोड्या उचल फिटेस्तोवर पहिल्या अर्थानं मोकळाच नाही. त्यानं मेहनत आधीच विकलेली असते, बायकोचीसुद्धा. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गेल्या, सरकारनं समिती नेमली. खाडा पडला की पैसे कापले जातात, हे मात्र इथल्या बाईला सांगायला समिती लागत नाही.

आता लग्नाकडं परत या. बाबासाहेबांनी लग्नात जातीचं कुलूप दाखवलं. ते कुलूप तसंच आहे. व्हॉट्सॲपवर फिरणारे बायोडाटे बघा, पहिल्या ओळींत जात. आणि आता त्याच लग्नाला मजुरीचाही भाव आलाय. जोडी झाली की अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो, उचल वाढते. म्हणून काही घरांत पोरीचं वय न बघता हंगामाच्या तोंडावर घाई होते. शिवाय आई-बाप सहा महिने फडात. वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हाही घोर असतोच. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे.

हे सगळं परवा त्या पोरीला सांगितलं. तिनं वहीत 'लादलेली श्रमविभागणी' असं लिहिलं, खाली रेघ मारली. मग म्हणाली, "काका, माझ्यासंगं नववीला दोघीजणी होत्या. दहावीला आल्याच नाहीत. एकीला आता दोन लेकरं आहेत. उदाहरण म्हणून त्यांचं लिहिलं तर मार्क देतील का?"