उसाची जात आणि खवले कीड

‘ही जात खवल्याला बळी पडत नाही,’ असे बेणे विकणारा म्हणतो, कारखान्याचा चिटबॉय म्हणतो, शेजारचा शेतकरीही म्हणतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरणा-मांजरा नद्यांकाठच्या उसात हे वाक्य बहुधा खरेच वाटते. पण जातीच्या अंगचा गुण कोणता आणि तिला मिळालेली परिस्थिती कोणती, हे त्यातून कळत नाही.

खवले कीड म्हणजे मेलानॅस्पिस ग्लोमेराटा. मादीला पंख नसतात. अंगावर करड्या-काळ्या खवल्याचे कवच चढले की तिचे पायही जातात आणि ती उरलेले आयुष्य एकाच ठिकाणी काढते. चालते फिरते ते फक्त नुकते जन्मलेले पिल्लू, तेही थोडाच काळ. तेवढ्यात त्याला पाचटाच्या आवरणाखाली, कांडीच्या कोवळ्या सालीवर जागा गाठावी लागते. उसाला पेरे सुटली की खालच्या कांड्यांपासून सुरुवात होते आणि ऊस वाढेल तशी कीड वर सरकते. पिठ्या ढेकणासारखा चिकट गोड स्राव ती सोडत नाही. त्यामुळे मुंग्यांची वर्दळ नाही, पानांवर काळी बुरशी नाही, आणि पाचट सोलून पाहीपर्यंत मालकाला पत्ता नाही. पुढे कांडीवर कवचांचा जाड थर बसतो, रसाची प्रत घसरते, डोळे नीट उगवत नाहीत.

अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांनी 1951 साली पिकांच्या कीडप्रतिकाराचे तीन प्रकार मांडले: कीड पिकाला पसंत न करणे, पसंत केले तरी तिथे तिची नीट वाढ न होणे, आणि वाढ झाली तरी पिकाने नुकसान सोसणे. खवल्याला ही चौकट लावताना पहिल्याच प्रकाराशी अडायला होते. पतंग उडत येऊन अंडी कुठे घालायची ते ठरवतो; खवल्याचे पिल्लू बेण्यातून येते, नाहीतर वाऱ्याने येते. जात निवडणे त्याच्या हातात नाही. आलेल्या उसावर बसायला जागा आहे का, एवढाच त्याचा प्रश्न. म्हणून इथे पसंतीपेक्षा आडोसा महत्त्वाचा.

आडोसा जातीगणिक बदलतो. को 86032, म्हणजे नीरा, या जातीचे पाचट सहज सुटते. देठाचे आवरण कांडीला घट्ट धरून बसले तर आत सावली, ओलावा आणि शत्रूंपासून संरक्षण मिळते. सैल झाले तर ऊन लागते आणि चिलोकोरससारखे ढालकिडेही आत पोहोचतात. तेव्हा आडोशाचा परिणाम किती आणि सालीचा किती, हे तपासायचे तर एकाच वयाच्या दोन जातींच्या निम्म्या ओळींचे पाचट काढावे, निम्म्यांचे ठेवावे. पाचट काढल्यावर दोन्हींवरची कीड सारखीच झाली तर फरक आवरणाचा होता. तरीही फरक उरला तर तो सालीत किंवा आतल्या पेशींत शोधावा, कारण कवचधारी खवले कीड आपली सोंड सालीखालच्या पेशींत खुपसून जगते.

खजुराची गोष्ट याच वळणाची आहे. त्याच्यावरची पार्लाटोरिया ब्लँचार्डी ही खवले कीड पर्णिकांच्या बुडाशी, झाकलेल्या जागी वसते. 1890च्या सुमारास ती लागवडीच्या फुटव्यांबरोबर कॅलिफोर्नियात पोहोचली आणि 1936पर्यंत तिथून समूळ काढली गेली. त्यासाठी झाडांची पाने छाटून खोडे ज्वाळेने भाजावी लागली. प्रसार तिथेही लागवडीच्या साहित्यातूनच झाला.

धाराशिवच्या बाबतीत मला सगळ्यात दुर्लक्षित वाटतो तो काळाचा भाग. सुरू ऊस 12 महिन्यांचा, आडसाली 16 ते 18 महिन्यांचा. म्हणजे आडसालीत किडीच्या अधिक पिढ्या. त्यात तोड वेळेवर आली नाही तर उभ्या उसात आणखी पिढ्या वाढतात. 2021-22च्या हंगामात मराठवाड्यातला ऊस जूनपर्यंत शेतात उभा होता. अशा वेळी कोएम 0265 (फुले 265) उशिरा पक्व होते, म्हणून तोडणीच्या क्रमात मागे पडली आणि तिच्यावर खवले जास्त दिसले, तर दोष जातीचा की तोडणी कार्यक्रमाचा? क्षारपड जमिनीत तग धरणारी ही जात आपण किडीची म्हणून बदनाम करू, आणि गुन्हेगार वेळापत्रक असेल. उसाचे वय आणि तोडीची तारीख न लिहिता केलेली जातींची तुलना मी तरी पुरावा म्हणून स्वीकारणार नाही.

दुष्काळ हा दुसरा धागा. 2015-16सारख्या वर्षानंतर गावात बेणे उरत नाही, ते बाहेरून येते, आणि खवलेही त्याच टिपऱ्यांवर बसून येतात. ताणातल्या उसाची सोसण्याची ताकदही कमी होते, म्हणजे पेंटरचा तिसरा प्रकार नेमका गरजेच्या वेळी तोकडा पडतो. खोडव्यात तर जुन्या बुडख्यांवरूनच नव्या फुटव्यांना लागण होते; तिथे जात कितीही चांगली असली तरी सुरुवातच किडीसह. म्हणूनच बेणे 9 ते 11 महिन्यांच्या, खास वाढवलेल्या मळ्यातून घ्यावे, खोडव्यातून घेऊ नये, पाचट सोलून कांडी बघावी आणि डाग दिसलेले टिपरू बाजूला टाकावे.