ताजमहाल कुणाच्या धुरानं पिवळा पडला?

आज आम्ही आग्र्याची गोष्ट घेऊन आलोय. गोष्ट ताजमहालाची आहे, पण त्यात आपल्या गोवऱ्याही आहेत.

ताजमहालाचा पांढरा संगमरवर पिवळट पडू लागला, तेव्हा आधी बोट गेलं कारखान्यांकडे. 30 डिसेंबर 1996 ला सुप्रीम कोर्टानं हुकूम दिला : कोळसा जाळणाऱ्या 292 कारखान्यांनी गॅसवर यावं, नाहीतर तिथून हलावं. तरी पिवळेपणा पुरता जाईना. मग अधूनमधून संगमरवराला मुलतानी मातीचा लेप लावायचा आणि धुऊन काढायचा. हो, आपण तोंडाला लावतो तोच!

2012 साली भारतातल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी संगमरवराचे छोटे तुकडे ताजमहालावर दोनेक महिने ठेवले. त्यांवर धूळ बसली होती, काजळी होती आणि तपकिरी कणही होते. शेण, पालापाचोळा, कचरा धुमसत जळला की असे कण निघतात. त्यांच्यामुळे पांढरा दगड पिवळट दिसतो. हे छापून आलं, आणि 2015 च्या सुरुवातीला आग्र्यात गोवऱ्या जाळायला बंदी झाली.

बंदी कुणाच्या चुलीवर आली, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. ज्या घरी सिलिंडर परवडत नाही, तिथंच.

पण त्याच शास्त्रज्ञांपैकी काहींनी पुढं हिशोब वेगळा मांडला. कचरा कुठं आणि किती जळतो, याची पाहणी केली. 2016 साली उत्तर आलं. ताजमहालाच्या एक चौरस मीटर दगडावर वर्षाला गोवऱ्यांच्या धुराचे बारीक कण बसतात सुमारे 12 मिलिग्रॅम, आणि कचऱ्याच्या धुराचे सुमारे 150! आकड्यात पुढंमागं होईल, असं त्यांनीच सांगितलंय. दोन्ही धुरांनी मिळून आग्र्यात वर्षाला सातशेच्या आसपास माणसं वेळेआधी जातात, असा त्यांचा अंदाज. त्यांत कचऱ्याचाच वाटा मोठा, आणि तोही गरीब वस्त्यांत.

गोवरीचा धूर काही साधा नाही, तो आपल्याच छातीत जातो. पण कचऱ्यात प्लास्टिक असतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यातल्या शास्त्रज्ञांनी घरचा कचरा पत्र्याच्या पिंपात जाळून धूर मोजला होता. 2000 साली ते छापून आलं. मोजक्या घरांच्या पिंपांतून निघणारं डायॉक्सिन हे विष, धूर गाळणाऱ्या मोठ्या भट्टीइतकं भरू शकतं. कारण पिंपात धग कमी आणि हवाही अपुरी. हे विष चाऱ्यावर बसतं, गाईच्या पोटात जातं आणि दुधातून आपल्याकडं येतं.

2016 सालीच उघड्यावर कचरा जाळायला मनाई करणारे नवे नियम आले, पण ते मुख्यतः शहरांसाठी होते. गावात उकिरडा पेटतोच. आणि खरं सांगायचं तर, पावसाळ्यात ओली गोवरी पेटेना की तिच्याखाली प्लास्टिकची पिशवी आम्हीही सरकवलेली आहे. तो धूर कुणाच्या खात्यावर मांडायचा, गोवरीच्या की कचऱ्याच्या?