नव्या इंजिनाला ‘मोकळे’ व्हावे लागते ते का?

नवी गाडी घेतलेला माणूस दोन-तीनदा टाकी भरून झाली की हिशेब मांडतो आणि हिरमुसतो. जाहिरातीतल्या आकड्याच्या जवळपासही अ‍ॅव्हरेज येत नाही. मेकॅनिकला विचारावे तर तो म्हणतो, ‘‘इंजिन अजून मोकळे व्हायचे आहे.’’ हे मोकळे होणे म्हणजे नेमके काय? उत्तर शोधताना आम्हाला मोटारीच्या आधी रेल्वेच्या आसापर्यंत मागे जावे लागले.

१८८३ साली बीचम टॉवर हे इंजिनिअर ब्रिटनमधल्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स या संस्थेसाठी घर्षणाचे प्रयोग करत होते. फिरत्या आसावर पितळी बेअरिंग टेकलेले, आसाची खालची बाजू तेलात बुडालेली. वरून तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगला भोक पाडले. आस फिरू लागताच झाले उलटेच! तेल त्या भोकातून वर येऊन बाहेर सांडू लागले. टॉवर यांनी लाकडी खुंटी ठोकली, तर तीही बाहेर ढकलली गेली. मग त्यांनी तिथे दाबमापक जोडला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड होता, पण काटा २०० च्याही पुढे गेला. म्हणजे आस आणि पितळ एकमेकांना टेकलेलेच नव्हते. सगळा भार तेलाच्या पातळ थराने उचलून धरला होता. हा दाब कसा निर्माण होतो, याचे गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली मांडले.

पण हा थर टिकतो तो गती असेपर्यंत. गती मंदावली की तो पातळ होतो आणि घर्षण वाढते. जर्मनीत स्ट्रिबेक यांनी १९०२ च्या सुमारास हे मोजून दाखवले. आता इंजिनातला दट्ट्या डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक फेऱ्यात तो एकदा वर आणि एकदा खाली क्षणभर थांबतो. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे ६००० थांबे! त्या क्षणी दट्ट्यावरची कडी सिलिंडरच्या भिंतीला घासते.

आणि ती टेकते तरी किती? केंब्रिजचे बोडन आणि टेबर यांनी दाखवून दिले, की गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग फक्त आपल्या सूक्ष्म शिखरांवरच टेकतात. नव्या इंजिनात ही शिखरे टोकदार असतात. पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये ती झिजून सपाट होतात, भार पसरतो, घर्षण उतरते. शिवाय कडी भिंतीला नीट बसल्याने जळालेला वायू बाजूने निसटत नाही, आणि तेवढ्याच पेट्रोलमध्ये जास्त काम मिळते. फार पिटाळले तर शिखरे तापून एकमेकांना चिकटतात, म्हणूनच एके काळी ब्रिटनमध्ये नव्या मोटारीच्या मागे ‘रनिंग इन, प्लीज पास’ अशी पाटी असे. मात्र अगदी जपून चालवणेही बरे नाही, कारण वायूच्या दाबानेच कडी भिंतीवर रेटली जाते.

‘पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितके घर्षण कमी’ असे वाक्य आपण वर्गात सहज बोलून जातो. सिलिंडरच्या भिंतीवर तर मुद्दाम तिरकस, एकमेकांना छेदणारे बारीक ओरखडे काढतात! त्यांत तेल साठते; आरशासारख्या भिंतीवर ते ठरणार नाही. पुढे कारखान्यांनी शिखरे तिथेच घासून काढायला आणि ओरखडे तेवढे राखायला सुरुवात केली. त्यामुळे आज मालकाच्या वाट्याला झिजवण्याचे काम पूर्वीपेक्षा बरेच कमी उरते.

कमी, पण शून्य नव्हे. युरोपात २०१७ पासून लागू झालेल्या डब्ल्यूएलटीपी या इंधन-चाचणीत गाडी आधी किमान ३००० किलोमीटर चाललेली असावी लागते. तिथला मालक पहिल्या टाकीचा हिशेब ज्या आकड्याशी ताडून पाहतो, तो अशा मोकळ्या झालेल्या गाडीचा असतो.